कृष्णाकाठच्या पुढचे यशवंतराव

यशवंतराव चव्हाणांचा जन्म सातारा जिल्ह्यात झाला की सांगली जिल्ह्यात? दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या आजोळच्या गावी ते जन्मले, तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये सातारा तोडून ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले आणि देवराष्ट्रे सांगलीत गेले. शाळा, घर, वकिली, मतदारसंघ आणि शेवटी प्रीतिसंगमावरची समाधी मात्र कराडची, म्हणजे साताऱ्याची. चरित्रकार ही गोष्ट एका ओळीत उरकतात. मला ती महत्त्वाची वाटते. यशवंतरावांच्या तरुणपणीचा सातारा आजच्या दोन जिल्ह्यांचा मिळून होता. वाळवा, तासगाव, खानापूर आणि कराड, पाटण, वाई इथले कार्यकर्ते एकाच जिल्हा काँग्रेसमध्ये भांडत आणि एकाच तुरुंगात जात. मध्येमध्ये औंध, फलटण, सांगली ही संस्थाने होती, आणि इंग्रजी हद्दीत पोलीस मागे लागले की भूमिगत कार्यकर्ता संस्थानी हद्दीत शिरत असे. हा नकाशा डोळ्यांपुढे नसेल तर १९४२ चा सातारा कळत नाही, आणि तो कळला नाही तर यशवंतराव कळत नाहीत.

त्यांच्यावरच्या पुस्तकांनी एक कपाट सहज भरेल. गौरवग्रंथ, स्मरणिका, भाषणांचे संग्रह, शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांसाठी काढलेल्या पुस्तिका. २०१२-१३ च्या जन्मशताब्दीने त्यांत आणखी भर घातली. त्या सगळ्यांचा हिशेब इथे मांडायचा नाही. जी पुस्तके खऱ्या अर्थाने चरित्र किंवा आत्मचरित्र आहेत ती शेजारीशेजारी ठेवून एकच विचारायचे आहे. या माणसापुढे आयुष्यात पुनःपुन्हा दोन वाटा आल्या. काँग्रेस की मानवेंद्रनाथ रॉय, काँग्रेस की शेतकरी कामगार पक्ष, नेहरू की संयुक्त महाराष्ट्र, इंदिराबाई की त्यांना विरोध करणारे जुने सहकारी. दरवेळी त्यांनी एक वाट धरली. ती का धरली, हे कोणते पुस्तक सांगते?

पहिला मान अर्थातच ‘कृष्णाकाठ’चा. १९८४ मध्ये, म्हणजे यशवंतराव गेले त्याच वर्षी, हे आत्मचरित्र आले. त्याचे तीन भाग आहेत: जडणघडण, वैचारिक आंदोलन आणि निवड. गोष्ट १९४६ मध्ये संपते. मुंबई कायदेमंडळावर निवडून आलेला तेहतीस वर्षांचा तरुण पार्लमेंटरी सेक्रेटरीचे पद घेऊन मुंबईला निघतो आणि पुस्तक थांबते. मुंबईची आणि दिल्लीची वर्षे पुढच्या भागांत यायची होती. ती आली नाहीत. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

मराठी राजकारण्यांच्या आत्मचरित्रांत ‘कृष्णाकाठ’ची जागा फार वरची आहे, आणि ती भाषेमुळे नाही. यशवंतराव त्यात आपल्या मतांची घडण दाखवतात. वडील बळवंतराव लवकर गेले, कोर्टातल्या त्यांच्या नोकरीच्या आधारावर मोठ्या भावाला चिकटवून घेतले गेले, आई विठाबाईंनी मुले वाढवली. घरात ब्राह्मणेतर चळवळीचे वारे, शाळेत टिळकांचे नाव, गावात गांधींची हाक. कराडच्या टिळक हायस्कूलमधला हा मुलगा १९२९ मध्ये जतींद्रनाथ दासांच्या उपोषणाच्या बातम्या वाचतो आणि त्यांच्या मृत्यूने हलून जातो. १९३२ मध्ये त्याला अठरा महिन्यांची शिक्षा होते आणि येरवड्याच्या बराकीत आचार्य भागवतांसारख्यांच्या सहवासात त्याचे दुसरे शिक्षण सुरू होते. पुढे रॉयवाद्यांकडे ओढ, मग त्यांच्यापासून दूर येणे. १९३७ च्या निवडणुकीत बोरगावच्या आत्माराम पाटलांना उमेदवारी मिळावी म्हणून या तरुणांनी केलेली खटपट तर जिल्ह्याच्या राजकारणाचा पाठच आहे. शेतकऱ्याच्या घरचा कार्यकर्ता काँग्रेसच्या तिकिटावर उभा राहिला पाहिजे, हा आग्रह पुढच्या पन्नास वर्षांच्या महाराष्ट्राचे बीज होता.

पण याच पुस्तकाने चरित्रकारांची एक अडचण करून ठेवली आहे. ते इतके चांगले आहे की पुढच्यांनी १९४६ पर्यंतचे आयुष्य त्यातूनच उचलले. उदाहरण म्हणून शेणोलीकर मास्तरांचा प्रसंग घ्या. कोण होणार ते लिहा, असे मास्तरांनी वर्गाला सांगितले. कुणी टिळक लिहिले, कुणी आणखी कोणी, आणि या मुलाने आपण यशवंतराव चव्हाणच होणार असे लिहून दिले. आमच्या भागात हा प्रसंग ठाऊक नसलेला शाळकरी मुलगा सापडणार नाही. बारा मार्चच्या भाषणांत तो भविष्यवाणीसारखा सांगितला जातो. मूळ पुस्तकात मास्तरांना त्या उत्तरात अहंकार दिसला होता, आणि यशवंतरावांनी तेही लिहून ठेवले आहे. सांगताना तो अर्धा भाग गळतो. आपल्याविषयी प्रतिकूल वाटेल ते लिहिण्याचे धैर्य आत्मचरित्रकाराने दाखवले आणि चरित्र सांगणाऱ्यांनी ते पुसले, असे या एका प्रसंगात घडले आहे. इतरत्रही ते घडते.

दुसरे उदाहरण जास्त गंभीर आहे. यशवंतराव प्रतिसरकारचे, म्हणजे सातारच्या समांतर सरकारचे, नेते होते, असे सभांतून सरसकट बोलले जाते. तारखा जुळवून पाहाव्यात. ऑगस्ट १९४२ पासून सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले: कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर. वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसे पडली. या पहिल्या टप्प्यात यशवंतराव भूमिगत राहून आघाडीवर होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्यांचे लग्न झाले होते. वर्षही उलटले नव्हते तोच पोलिसांनी वेणूताईंना अटक केली. थोरले भाऊ ज्ञानोबा याच काळात गेले. १९४३ च्या मे महिन्यात आजारी पत्नीला भेटायला ते फलटणला गेले आणि तिथे पकडले गेले. आता बाकीच्या तारखा. शेणोलीजवळची पगाराची गाडी लुटली गेली ती ७ जून १९४३ रोजी. वसंतदादांनी सांगलीचा तुरुंग फोडून कृष्णेत उडी घेतली ती २४ जुलैला. धुळ्याच्या खजिन्याची लूट १४ एप्रिल १९४४ ची. क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा, वाईकडचे किसन वीर यांच्या प्रतिसरकारची भरभराट झाली तेव्हा यशवंतराव कैदेत होते.

यात त्यांचे काहीच उणे होत नाही. १९४२ ची जमीन नांगरणाऱ्यांत ते होते. पण चरित्रकाराने दोन टप्पे वेगळे ठेवले नाहीत तर दोन्हीकडच्या माणसांवर अन्याय होतो. ए. बी. शिंदे यांचा सातारच्या समांतर सरकारवरचा इंग्रजी अभ्यास किंवा कासेगावला राहून गेल ऑम्वेट यांनी केलेले लेखन ‘कृष्णाकाठ’च्या शेजारी ठेवले की चित्र भरते. गावोगावची न्यायदान मंडळे, तुफान सेना, सावकारांना आणि खबऱ्यांना झालेल्या शिक्षा, संस्थानी हद्दीतला आसरा यांतून एक बंडखोर सातारा दिसतो. त्यातल्या अनेकांना पुढे काँग्रेसने आपलेसे केले नाही. यशवंतराव मात्र १९४६ ला कायदेमंडळात आणि नंतर मोरारजींच्या गृहखात्यात गेले. एकाच चळवळीतून निघालेल्या दोन वाटा इथे फुटल्या. १९५७ मध्ये त्या समोरासमोर आल्या: सातारची लोकसभेची जागा नाना पाटलांनी कम्युनिस्ट म्हणून जिंकली, आणि मुख्यमंत्री असलेले यशवंतराव कराडमधून थोड्या मतांनी तरले. हा पंधरा वर्षांचा धागा एका सलग प्रकरणात विणणारे चरित्र मला हवे आहे.

यशवंतरावांवरची मोठी चरित्रे लिहिली गेली ती ‘कृष्णाकाठ’च्या आधी. बाबूराव काळे यांचे ‘मॅन ऑफ क्रायसिस’ १९६९ चे, टी. व्ही. कुन्हीकृष्णन यांचे ‘चव्हाण अँड द ट्रबल्ड डिकेड’ १९७१ चे, द्वा. भ. कर्णिकांचे राजकीय चरित्र १९७२ चे. तीनही इंग्रजीत. सालांवरूनच पुष्कळ कळते. तेव्हा यशवंतराव आधी गृहमंत्री आणि मग अर्थमंत्री होते, आणि पंतप्रधानपदाच्या शर्यतीत त्यांचे नाव कायम घेतले जात होते. त्याहीआधी, १९६३ मध्ये, वेल्स हँगेन या अमेरिकन पत्रकाराने नेहरूंनंतर कोण या प्रश्नावर पुस्तक लिहिले, त्यात मोरारजी, शास्त्री, इंदिरा गांधी, जयप्रकाश यांच्या रांगेत यशवंतरावांना स्वतंत्र प्रकरण दिले होते. देवराष्ट्र्याच्या मुलाची दखल घ्यायला जग तयार होते, आणि या तीन चरित्रांचा वाचकही दिल्लीतला, इंग्रजी वाचणारा होता. त्याला हा मराठी माणूस कोण ते सांगायचे होते. त्यामुळे जे संकट आले ते यशवंतरावांनी कसे निभावले, या सूत्रावर या पुस्तकांची उभारणी आहे. सत्तेवर असलेल्या माणसाचे चरित्र असेच होते. कागद मिळत नाहीत, सहकारी मोकळे बोलत नाहीत, आणि लेखकाला शेवट ठाऊक नसतो.

त्यातही कर्णिकांचे पुस्तक मी पुन्हा वाचण्याजोगे मानतो. ते महाराष्ट्र टाइम्सचे पहिले संपादक. त्यांच्यानंतर त्या खुर्चीत बसलेल्या गोविंद तळवलकरांनीही पुढे यशवंतरावांवर पुस्तक लिहिले. एकाच दैनिकाच्या लागोपाठच्या दोन संपादकांनी एकाच नेत्याचे चरित्र लिहावे, यावरून यशवंतराव आणि मराठी बुद्धिजीवी यांचे नाते समजते. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी साहित्य संस्कृती मंडळाचे आणि विश्वकोशाचे काम हाती घेतात, लेखक आणि संपादक मुख्यमंत्र्याशी पुस्तकांवर बोलतात, असा काळ तो होता. पण जवळीक चरित्राला जितकी उपकारक, तितकीच अवघड. संपादकाचा स्नेह असला की तो कठोर प्रश्न विचारतो, पण उत्तराचा पाठपुरावा सोडून देतो.

मराठीत सर्वाधिक वाचले गेलेले चरित्र रामभाऊ जोशींचे. ‘यशवंतराव : इतिहासाचे एक पान’ हे पुस्तक १९७६ मध्ये आले. रामभाऊंनी यशवंतरावांना वर्षानुवर्षे जवळून पाहिले होते. वेणूताईंवर स्वतंत्र पुस्तक लिहिणारे आणि यशवंतरावांनी परदेश दौऱ्यांतून पत्नीला लिहिलेली पत्रे ‘विदेश दर्शन’ या नावाने वाचकांपुढे आणणारेही तेच. माणूस म्हणून यशवंतराव कसे होते, घरात कसे बोलत, पाहुण्यांत कसे रमत, हे कळायला रामभाऊंना पर्याय नाही. मात्र १९७६ हे साल विसरू नये. आणीबाणी चालू होती आणि पुस्तकाचा नायक त्या सरकारचा परराष्ट्रमंत्री होता. २५ जून १९७५ च्या रात्रीविषयी आणि नंतरच्या महिन्यांविषयी जे विचारायला हवे, ते विचारण्याची ती वेळ नव्हती. हा लेखकाचा दोष नाही. पण तेच चरित्र आजही यशवंतरावांविषयीचा मराठी वाचकाचा मुख्य आधार राहावे, हे मला पटत नाही.

एका काळापुरते का होईना, पण उत्तम लिहिले कोणी असेल तर राम प्रधानांनी. संरक्षण मंत्रालयात ते यशवंतरावांचे खासगी सचिव होते, आणि पुढे देशाचे गृहसचिव झाले. १९६२ ते १९६५ या काळावर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक लिहिले, आणि नंतर २००७ मध्ये यशवंतरावांनी १९६५ च्या युद्धात ठेवलेल्या रोजनिशीच्या आधारे दुसरे. या दोन पुस्तकांत जो यशवंतराव भेटतो तो इतर कुठे भेटत नाही.

प्रधान नेमके काय दाखवतात ते पाहावे. चीनच्या युद्धात सैन्याची पीछेहाट झाल्यावर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये नेहरूंनी यशवंतरावांना मुंबईहून बोलावून घेतले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून आपल्याकडे म्हणीसारखे वापरले जाते. ते म्हटले की पुढे काय घडले ते सांगायची गरज उरत नाही, आणि इथेच चरित्राची हानी होते. मंत्रालयात यशवंतराव पोचले ते चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली त्याच सुमारास. सेनाधिकारी आणि मंत्री यांच्यातला विश्वास मोडला होता. हेंडरसन ब्रुक्स यांनी पराभवाची चौकशी केली. सप्टेंबर १९६३ मध्ये यशवंतरावांनी लोकसभेत तिचा सारांश सांगितला, पण अहवाल सरकारने उघड केला नाही. दोषी शोधून बळी देण्यापेक्षा सैन्य उभे करणे त्यांना महत्त्वाचे वाटले. ते बरोबर होते का, यावर आजही वाद घालता येतो. पण ती निवड विचारपूर्वक होती, आणि मेननांच्या मंत्रालयात जे मोडले होते ते तीन वर्षांत सांधले गेले.

मग १ सप्टेंबर १९६५ ची दुपार. छांबवर पाकिस्तानी रणगाडे तुटून पडले होते आणि अखनूरचा पूल गेला असता तर काश्मीरकडची वाट धोक्यात येत होती. सेनाप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलाचे प्रमुख अर्जन सिंग मंत्र्याच्या खोलीत आले. विमाने वापरायची परवानगी हवी होती. हवाई दल वापरणे म्हणजे लढाई काश्मीरपुरती न ठेवता युद्धाच्या दिशेने पाऊल टाकणे. यशवंतरावांनी मंत्रिमंडळाच्या समितीची वाट पाहिली नाही. काही मिनिटांत होकार दिला. त्या संध्याकाळी पठाणकोटहून विमाने उडाली, आणि जुन्या बनावटीची चार व्हॅम्पायर विमाने गमवावी लागली. निर्णयाची किंमत पहिल्याच दिवशी मोजली गेली. यशवंतरावांना आयुष्यभर कुंपणावर बसणारा म्हणून हिणवले गेले. त्या खोलीतला माणूस त्या चित्रात बसत नाही. म्हणून चरित्रकाराने विचारायला हवे की देशाच्या प्रश्नावर मिनिटांत ठरवणारा हा माणूस पक्षाच्या प्रश्नावर महिनोन्‌महिने का थांबत असे. याचे उत्तर प्रधानांच्या पुस्तकांच्या कक्षेत नाही, इतरांनी ते शोधले नाही.

माझे उत्तर असे आहे, आणि ते साताऱ्यातूनच येते. १९५५ च्या अखेरीस फलटणला यशवंतरावांनी संयुक्त महाराष्ट्र चळवळीतल्या शंकरराव देवांच्या नेतृत्वाविरुद्ध उघड भूमिका घेतली. नेहरूंचे नेतृत्व आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवडायचे झाले तर आपण नेहरूंची बाजू घेऊ, असे ते म्हणाले. तेव्हा ते मोरारजींच्या मंत्रिमंडळात होते, आणि मुंबईत गोळीबार होत होते. हुतात्म्यांची संख्या १०५ वर गेली. आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’तून त्यांच्यावर जे आसूड ओढले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. गावागावांत त्यांच्या सभा उधळल्या गेल्या. त्यांच्या राजकीय आयुष्यातली सर्वांत जलद आणि सर्वांत उघड निवड ही होती, आणि तिने त्यांना त्यांच्याच माणसांपासून तोडले. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा वाईपासून घाटापर्यंत काळी निशाणे घेऊन माणसे उभी होती. त्यांत सातारा जिल्ह्यातली माणसेही होती. त्यानंतरच्या यशवंतरावांनी पक्षातल्या फुटीत पहिल्यांदा उडी घेतल्याचे दिसत नाही. बेरजेचे राजकारण हे त्यांचे धोरण म्हणून सांगितले जाते. मला त्यात त्या दोन वर्षांचा चटकाही दिसतो.

या प्रकरणात वाचकाने एकाच पुस्तकावर विसंबून चालत नाही. लालजी पेंडशांचे ‘महाराष्ट्राचे महामंथन’ चळवळीच्या बाजूने लिहिलेले आहे, अत्र्यांचे ‘कऱ्हेचे पाणी’ त्याहून धगधगते आहे, य. दि. फडके कागदपत्रे समोर ठेवून बोलतात, आणि एस. एम. जोशींचे आत्मकथन विरोधकाकडूनही माणसाचे माप कसे घ्यावे ते शिकवते. यशवंतरावांच्या चरित्रकारांनी या चौघांशी वाद घालायला हवा होता. बहुतेकांनी १ मे १९६० च्या मंगल कलशापाशी पोचण्याची घाई केली. कलश आला तेव्हा बेळगाव, कारवार बाहेर राहिले. १९६६ मध्ये सीमाप्रश्नावर महाजन आयोग नेमला गेला, आणि १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला तेव्हा केंद्रात गृहमंत्री यशवंतरावच होते. सीमाभागातला मराठी वाचक हे चरित्र वेगळ्या नजरेने वाचतो, आणि तसे वाचण्याचा त्याला हक्क आहे.

मुख्यमंत्रिपदाची वर्षे मात्र चरित्रांत चांगली आली आहेत, त्यामुळे मी तिथे रेंगाळत नाही. पंचायत राज्याचा १९६१ चा कायदा, आर्थिकदृष्ट्या मागासांना फी माफी, नवबौद्धांना सवलती, महार वतनांचे उच्चाटन, सहकारी कारखाने, कोल्हापूर आणि मराठवाड्यातली विद्यापीठे. दोन गोष्टींची भर घालावीशी वाटते. ग. त्र्यं. माडखोलकरांनी हे राज्य मराठी होणार की मराठा, असा थेट प्रश्न विचारला होता, आणि यशवंतरावांनी सांगलीच्या भाषणात त्याला उत्तर दिले. भाषण उतारे काढून छापले जाते. पुढच्या वीस वर्षांत कारखाने, जिल्हा परिषदा आणि बँका कुणाच्या हातात गेल्या, हे तपासून त्या उत्तराची परीक्षा घेणारे लेखन जयंत लेले यांच्यासारख्या अभ्यासकांनी केले, चरित्रकारांनी नाही. दुसरी गोष्ट कोयनेची. धरणाचे श्रेय चरित्रांत येते. शिवसागराखाली गेलेल्या जावळी, पाटणच्या गावांतली माणसे, ज्यांचे पुनर्वसनाचे लढे पुढे दशके चालले, ती येत नाहीत. ती गावे कराडच्याच जिल्ह्यात होती.

आणि मग १९७७. इथे बहुतेक पुस्तकांचा श्वास कोंडतो. विरोधी पक्षनेतेपद, जानेवारी १९७८ ची फूट, रेड्डी काँग्रेस. त्याच वर्षी जुलैत शरद पवार बाहेर पडले आणि वसंतदादांचे सरकार कोसळले. त्या दिवसांत तळवलकरांनी लिहिलेल्या, सरकार जावे ही ‘श्रीं’ची इच्छा असे सांगणाऱ्या अग्रलेखातल्या ‘श्रीं’चा अर्थ लोकांनी यशवंतराव असा लावला. सांगलीत दादांच्या माणसांनी तो कायमचा मनात ठेवला. यशवंतरावांची त्यात संमती होती का? पवारांनी ‘लोक माझे सांगाती’मध्ये आपली बाजू मांडली आहे, दादांच्या बाजूचे वेगळे सांगतात, आणि यशवंतरावांनी स्वतः त्या वर्षांवर पुस्तक लिहिले नाही. सातारा आणि सांगली यांच्यातल्या राजकीय दुराव्याचे मूळ ज्या प्रसंगात आहे, त्यावर चरित्रे गप्प आहेत. १९७९ मध्ये मोरारजींच्या सरकारवर अविश्वास ठराव मांडणारे यशवंतराव, चरणसिंगांचे उपपंतप्रधान यशवंतराव, १९८० मध्ये इंदिरा लाटेतही साताऱ्यातून निवडून येणारे यशवंतराव, आणि नंतर इंदिरा काँग्रेसच्या दाराशी ताटकळत ठेवलेले यशवंतराव. दोन वर्षांत हे सगळे घडले. ज्या पक्षाला जन्म वाहिला त्यात परत जाण्यात दुबळेपणा होता, असे पुष्कळांनी म्हटले. मला वाटते, काँग्रेसबाहेर आपल्या भागातला कार्यकर्ता उभा राहू शकणार नाही, हा १९४८ चा त्यांचा निष्कर्ष त्यांनी कधीच बदलला नाही. केशवराव जेधे, शंकरराव मोरे बाहेर पडून शेतकरी कामगार पक्षात गेले तेव्हा ते काँग्रेसमध्येच राहिले होते, आणि त्याच हिशेबाने तेहतीस वर्षांनी परतले. निष्कर्ष चुकीचा असू शकतो. पण तो एकसारखा आहे, आणि त्याला तळ्यात-मळ्यात म्हणता येत नाही.

घराविषयी एक बोलायचे आहे. विठाबाई आणि वेणूताई प्रत्येक चरित्रात येतात, आणि प्रत्येक चरित्रात त्यागमूर्ती होऊन येतात. वेणूताई फलटणच्या घरातून आल्या, नवे लग्न असताना तुरुंगात गेल्या, घरातली दोन मृत्यूंची वर्षे त्यांनी सोसली, प्रकृती कायमची खालावली, आणि तरीही मुंबई-दिल्लीची चाळीस वर्षे त्यांनी तो संसार चालवला. ‘विदेश दर्शन’मधली पत्रे वाचताना कळते की जगातल्या नेत्यांविषयीचे आपले खरे मत यशवंतराव ज्या एका व्यक्तीला सांगत होते ती ही होती. त्या केवळ सोसणाऱ्या असत्या तर ती पत्रे तशी लिहिली गेली नसती. १ जून १९८३ रोजी त्या गेल्या. जब्बार पटेलांच्या २०१४ च्या चित्रपटाने यशवंतरावांची गोष्ट नव्या पिढीपर्यंत नेली हे चांगले झाले, पण पडद्यावरचे दोन-अडीच तास आणि पत्रांची ती पाने यांत मी पाने निवडेन.

कुणी विचारले की काय वाचू, तर मी आधी ‘कृष्णाकाठ’ सांगतो, त्याच्या शेजारी प्रतिसरकारवरचे एक पुस्तक, मग फडके, मग प्रधानांची १९६५ ची रोजनिशी आणि शेवटी पत्रे. रामभाऊंचे पुस्तक या सगळ्यांच्या मधोमध, माणूस दिसत राहावा म्हणून. एवढे वाचूनही शेवटची सात वर्षे रिकामी राहतात. लोकमान्यांना न. चिं. केळकर मिळाले आणि त्यांनी तीन खंड लिहिले. बाबासाहेबांसाठी खैरमोड्यांनी आयुष्य घातले. यशवंतरावांना असा एक कागदपत्रांत बसणारा, कुणाचाही माणूस नसलेला चरित्रकार मिळायला हवा, आणि तो आमच्या दोन जिल्ह्यांतल्या एखाद्या कॉलेजातून यावा असे मला फार वाटते. त्याने सुरुवात शेवटाकडून करावी. १९८२ मध्ये इंदिरा गांधींनी यशवंतरावांना आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष केले. राजकारणातून बाजूला केलेल्या ज्येष्ठाची सोय, म्हणून या नेमणुकीची बोळवण होते. पण केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना किती आणि कोणत्या निकषावर द्यायचा, हे या आयोगाने ठरवायचे होते. एका राज्याचा पहिला मुख्यमंत्री आणि देशाचा माजी अर्थमंत्री, दोन्ही बाजूंनी तो प्रश्न हाताळलेला माणूस, पत्नीच्या मृत्यूच्या आगेमागे ते काम करत होता. अहवाल १९८४ मध्ये सादर झाला, त्याच वर्षी ‘कृष्णाकाठ’ आले आणि त्याच वर्षी ते गेले. तो अहवाल यशवंतरावांचे लेखन म्हणून वाचून त्यावर प्रकरण लिहिणे, इथपासून काम सुरू करता येईल.